संज्ञा म्हणजे आद्याक्षरं नव्हेत: मूलद्रव्यांच्या नावांपासून अणूच्या चित्रापर्यंत, क्रमाने

आठवीतल्या एका मुलाने मला ठामपणे सांगितलं होतं, "बंद खोलीत शेगडी पेटवली की कोबाल्ट तयार होतो आणि माणूस गुदमरतो." शेगडी, बंद खोली, विषारी वायू, सगळं त्याला पाठ होतं. वायूचं सूत्र सी-ओ हेही पाठ होतं. नाव आठवेना म्हणून त्याने मूलद्रव्यांच्या तक्त्यात सी-ओ शोधलं आणि तिथे कोबाल्ट सापडलं.

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात मी संध्याकाळी विज्ञानाची शिकवणी घेते. असे दोन-चार कोबाल्टवाले दर वर्षी भेटतात. पाठांतरात ही मुलं कुणाला हार जात नाहीत, त्यांचा क्रम चुकलेला असतो. आधी वीस नावं एका दमात घोकायची, मग संज्ञा, म्हणजे मूलद्रव्यांची रोमन अक्षरांतली चिन्हं, चिकटवायच्या आणि अणूची आकृती काढायची वेळ आली की सगळं पुन्हा कोऱ्या पाटीवर. खालचा क्रम आठवी-नववीच्या मुलांसाठी आहे. घरात शिकवणारे आई-बाबा, ताई-दादा कुणीही तो वापरू शकतात. रोज अर्धा तास दिला तर साधारण तीन आठवडे लागतात.

एक सोय सांगते. या लेखात संज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. त्या मोठ्याने वाचायच्या आणि मुलाने वहीत रोमन अक्षरांत उतरवायच्या. सराव इथूनच सुरू होतो.

तयारी: ३५ पत्ते आणि एक चार रेघी वही

लग्नसराई संपली की घरात पत्रिकांचा गठ्ठा साचतो. जाड, एका बाजूने कोऱ्या पत्रिका काढून खेळाच्या पत्त्यांएवढे ३५ तुकडे कापा. पहिली २० मूलद्रव्यं म्हणजे हायड्रोजनपासून कॅल्शिअमपर्यंत. पुढची १५: लोह, तांबे, जस्त, चांदी, कथिल, सोने, पारा, शिसे, क्रोमिअम, मँगनीज, कोबाल्ट, निकेल, ब्रोमीन, आयोडीन, बेरिअम. मूलद्रव्यं एकूण ११८ आहेत, पण बाकीच्यांची या टप्प्यावर गरज नाही. भिंतीवर मोठा रंगीत तक्ता लावून मुलाला त्याच्यासमोर बसवू नका. त्याने घाबरण्यापलीकडे काही होत नाही.

पत्त्याच्या पुढच्या बाजूला फक्त संज्ञा. मागच्या बाजूला मराठी नाव, इंग्रजी स्पेलिंग, अणुअंक (अणूतल्या प्रोटॉनची संख्या) आणि घरात बोलतात ते नाव. ही शेवटची ओळ सोलापुरात फार उपयोगी पडते. माझ्याकडच्या निम्म्या मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. सोने, बंगारम, चिन्न हे तीन शब्द एकाच पत्त्यामागे लिहिले की पुढच्या बाजूचं ए-यू ही कुठल्याच भाषेची मक्तेदारी नाही, हे मुलाला सांगावं लागत नाही.

*सावधान:* छापील पत्ते विकत आणू नका. त्यांच्या एकाच बाजूला नाव, संज्ञा, अणुअंक, वस्तुमान सगळं असतं. मूल वाचत बसतं, आठवत नाही.

टप्पा १: आधी अक्षर, मूलद्रव्य नंतर

हा टप्पा सगळे गाळतात आणि पुढचे सगळे घोटाळे इथूनच निघतात. देवनागरीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर हा भेदच नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला कॅपिटल-स्मॉल म्हणजे नीटनेटकेपणाचा भाग वाटतो, शिरोरेघ सरळ काढण्यासारखा. त्यासाठी कापलेला अर्धा गुण त्याला हस्ताक्षराचा वाटतो.

नियम दोनच. पहिलं अक्षर नेहमी मोठं. दुसरं असलंच तर नेहमी लहान. म्हणजे दुसरं मोठं अक्षर दिसलं की तिथे दुसरं मूलद्रव्य सुरू झालं.

कुठलंही नाव न सांगता चार रेघी वहीत श्रुतलेखन घ्या:

मोठा सी, लहान ओ: एकच मूलद्रव्य, कोबाल्ट.
मोठा सी, मोठा ओ: दोन मूलद्रव्यं, कार्बन आणि ऑक्सिजन. शेगडीचा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, तो हा.
मोठा एन, लहान ओ: नोबेलिअम, अणुअंक १०२.
मोठा एन, मोठा ओ: नायट्रोजन आणि ऑक्सिजन.
मोठा एच, लहान एफ: हॅफ्निअम.
मोठा एच, मोठा एफ: हायड्रोजन आणि फ्लुओरीन.

नोबेलिअम किंवा हॅफ्निअम लक्षात ठेवायचं नाही. 'इथे अणू एकाच प्रकारचे की दोन?' एवढंच उत्तर हवं.

हस्ताक्षराची एक खोड इथेच मोडून काढा. क्लोरीन लिहिताना लहान एल नुसती उभी रेघ काढली की तो मोठ्या आयसारखा दिसतो आणि वाचणाऱ्याला कार्बन-आयोडीन वाटतं. लहान एलला खाली छोटा बाक द्यायला लावा.

*तपासणी:* अशा दहा जोड्या सांगा. दहापैकी दहा बरोबर आल्याशिवाय टप्पा दोन नाही. नऊला पुढे ढकललेलं मूल सहाव्या टप्प्यावर परत इथेच येतं, हा माझा अनुभव.

टप्पा २: एका अक्षराची नऊ

हायड्रोजन एच, बोरॉन बी, कार्बन सी, नायट्रोजन एन, ऑक्सिजन ओ, फ्लुओरीन एफ, फॉस्फरस पी, सल्फर म्हणजे गंधक एस, आयोडीन आय. एका दिवसात होतात. अडतं ते 'फ'पाशी. मराठी कानाला फ्लुओरीन आणि फॉस्फरस दोन्हींत फ ऐकू येतो, पण फॉस्फरसचं स्पेलिंग पी-एचने सुरू होतं. म्हणून पत्त्यामागे इंग्रजी स्पेलिंग हवंच.

'क'चा घोळही इथेच सोडवून टाका. कार्बन, कॅल्शिअम, क्लोरीन, क्रोमिअम, कोबाल्ट, कॉपर: आपल्या ३५ पत्त्यांत जिथे इंग्रजी नावाच्या सुरुवातीला क ऐकू येतो तिथे संज्ञा सी या अक्षराने सुरू होते, एकही अपवाद नाही. के हे अक्षर एकाच पत्त्यावर आहे आणि त्याच्या मराठी नावात क नाहीच. तो पत्ता चौथ्या टप्प्यात येईल, तोवर बाजूला ठेवा.

टप्पा ३: दुसरं अक्षर कुठून आलं

दुसरं अक्षर म्हणजे नावातलं दुसरंच अक्षर असं मूल धरून चालतं. कॅल्शिअम सी-ए, हेलिअम एच-ई इथे ते जमतं. जस्त म्हणजे झिंक झेड-एन, मॅग्नेशिअम एम-जी, क्रोमिअम सी-आर. इथे तिसरं. म्हणजे कधी दुसरं, कधी तिसरं. नियम शोधत बसू नका, पत्ते उलटत राहा.

मॅग्नेशिअम आणि मँगनीज मात्र वेगळा वेळ मागतात. दोन्हींत म, ग आणि न आहेत. मी मुलांना नाकावर बोट ठेवून दोन्ही नावं म्हणायला लावते. मँगनीज म्हणताना म च्या पाठोपाठ आवाज नाकात जातो: एम-एन. मॅग्नेशिअममध्ये आधी ग फुटतो: एम-जी. वर्गात दोन मिनिटं हसाहशी होते, पण नंतर ही जोडी कुणी चुकत नाही.

*सावधान:* 'हा-हे-लि-बे-बो' अशी साखळी पाठ असेल तर असू द्या, अणुअंक मोजायला ती कामाला येते. पण तिच्यावर सराव करू नका. साखळीने शिकलेल्या मुलाला 'सल्फर?' विचारलं की ते हायड्रोजनपासून बोटं मोजत निघतं आणि सोळाव्या बोटाला पोचेपर्यंत प्रश्न विसरतं. प्रत्येक फेरीआधी पत्ते पिसा.

टप्पा ४: नाव एक, संज्ञा भलतीच

३५ पैकी नऊ पत्ते असे की मराठी नाव ऐका किंवा इंग्रजी, संज्ञेचा पत्ता लागत नाही. त्या लॅटिन नावांवरून आल्या आहेत:

सोडिअम: नेट्रिअम, एन-ए
पोटॅशिअम: कॅलिअम, के
लोह: फेरम, एफ-ई
तांबे: क्युप्रम, सी-यू
चांदी: अर्जेंटम, ए-जी
कथिल: स्टॅनम, एस-एन
सोने: ऑरम, ए-यू
पारा: हायड्रार्जिरम, एच-जी
शिसे: प्लंबम, पी-बी

हे नऊ एका दिवशी देऊ नका. रोज तीन. आणि नुसत्या पत्त्यावर नको, वस्तू हातात द्या: तांब्याचा तांब्या, लोखंडी तवा, आईचं जोडवं. कथिलासाठी कल्हई दाखवा. तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून चढवतात तो चकचकीत थर कथिलाचा. हल्ली कल्हईवाला गल्लीत क्वचितच येतो, मग आजीच्या जुन्या पातेल्यावर काम भागवायचं.

वस्तू शोधताना फसवणाऱ्या जागा बऱ्याच आहेत. शिसपेन्सिलीत शिसे नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते, म्हणजे पत्ता सी. पितळ हे तांबे आणि जस्त, कांसे हे तांबे आणि कथिल, त्यामुळे दोघांनाही स्वतःची संज्ञा नाही. पोलाद, स्टील तसंच. खायचा सोडा म्हणजे सोडिअम नव्हे, त्यात सोडिअमबरोबर हायड्रोजन, कार्बन, ऑक्सिजनही आहेत. मोरचूद (कॉपर सल्फेट) म्हणजे तांबे नव्हे. डाळिंबाच्या बागा असलेल्या घरांतली मुलं फवारणीच्या बोर्डो मिश्रणातलं निळं मोरचूद चांगलं ओळखतात, आणि 'सर्, तांबे निळं असतं' असं मला एकीने सांगितलं होतं. (मी सर नाही, पण ते राहू दे.) तांबे त्या संयुगात आहे. निळा रंग संयुगाचा आहे.

*सावधान:* लिथिअमसाठी मोबाइलची बॅटरी उघडायची नाही. शिशासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीला हात लावायचा नाही, आत सल्फ्युरिक आम्ल असतं. पाऱ्याचा थर्मामीटर लांबूनच बघायचा. फुटलाच तर पारा बोटाने गोळा करायचा नाही, झाडू मारायचा नाही, खिडक्या उघडून मुलांना खोलीबाहेर काढायचं.

*तपासणी:* ३५ पत्ते पिसून दोन्ही बाजूंनी विचारा, संज्ञेवरून नाव आणि नावावरून संज्ञा. दुसरी दिशा नेहमी कच्ची निघते. अर्जेंटमची ए-जी आणि अरगॉनची ए-आर यांत गोंधळ झाला तर ते दोन पत्ते दोन दिवस खिशात ठेवायला द्या.

टप्पा ५: संज्ञा म्हणजे एक अणू

इथवर मूल संज्ञेला नावाचं लघुरूप समजत होतं, 'सोलापूर महानगरपालिका'चं 'सोमपा' करतात तसं. आता ते मोडायचं. वहीत मोठा ओ लिहिला तर त्याचा अर्थ 'ऑक्सिजन हा शब्द' एवढाच नाही, 'ऑक्सिजनचा एक अणू' असा आहे. एक संज्ञा, एक अणू. हे डोक्यात बसवायला तीन दिवस जाऊ द्या, कारण अणू ना डोळ्यांना दिसतो, ना शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला.

आधी आकार. चादरीचं एक सूत उकला, त्यातून कापसाचा एकच तंतू सोडवा. त्याची रुंदी साधारण १५ ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग किंवा त्याहून कमी. एवढ्या रुंदीवर कार्बनचे अणू खेटून मांडले तर लाखभर लागतील. तो तंतू स्वतः कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्याच अणूंचा आहे. तंतू मुलाच्या बोटात असतानाच हे सांगायचं, नंतर सांगितलं तर तो नुसता आकडा राहतो.

मग आतली पोकळी. मोहरीचा दोन मिलिमीटरचा टपोरा दाणा म्हणजे हायड्रोजनच्या अणूचा गाभा, म्हणजे केंद्रक, मानलं, तर अणूचा व्यास शंभर मीटरच्या वर जातो. दाणा सोलापूरच्या पार्क या क्रिकेटच्या मैदानाच्या मधोमध ठेवला, तर अणूची कड साधारण सीमारेषेपाशी पोचते. मधे काहीच नाही. पुस्तकात केंद्रक लिंबाएवढं आणि इलेक्ट्रॉनची कवचं त्याला चिकटून दाखवतात ती पानाची सोय आहे. आकृती तशीच काढायची, पण हे एकदा सांगून ठेवायचं.

मुलं आणखी एक गोष्ट मनाने जोडतात: सोन्याचा अणू पिवळा, तांब्याचा तांबूस, लोखंडाचा टणक. रंग आणि टणकपणा हे असंख्य अणू एकत्र आले की दिसणारे गुण आहेत. एका अणूला रंग देऊ नका. तापवल्यावर लोखंडाची पट्टी वाढते तेव्हाही अणू फुगत नाहीत, त्यांच्यातलं सरासरी अंतर वाढतं.

*तपासणी:* विचारा, 'लिथिअमचा अणू मोठा की फ्लुओरीनचा?' अणुअंक ३ आणि ९ पाहून मूल फ्लुओरीन म्हणेल. उत्तर लिथिअम. आवर्तसारणीच्या (मूलद्रव्यांच्या तक्त्याच्या) एकाच ओळीत उजवीकडे जाताना केंद्रकाचा धनप्रभार वाढतो, इलेक्ट्रॉन आत ओढले जातात आणि अणू लहान होत जातो. चुकलं तरी पुढे जा, पण कारण वहीत लिहून घ्या.

टप्पा ६: अणुअंकावरून आकृती

क्रम बदलू नका: अणुअंक, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, आणि सगळ्यांत शेवटी न्यूट्रॉन. सोडिअम घ्या. अणुअंक ११, म्हणून प्रोटॉन ११ आणि इलेक्ट्रॉनही ११. अणुवस्तुमानांक २३, त्यातून ११ वजा केले की न्यूट्रॉन १२. कवचांत २, ८, १.

दोन चुका हमखास. क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ बघून मूल १७ वजा करतं आणि साडेअठरा न्यूट्रॉन काढतं. अर्धा न्यूट्रॉन कुठे नसतो. निसर्गात क्लोरीनचे अणू दोन प्रकारचे, ३५ आणि ३७ वस्तुमानांकाचे, साधारण तीनास एक या प्रमाणात. ३५.५ ही त्यांची सरासरी. आकृती ३५ ची काढायची, न्यूट्रॉन १८.

दुसरी चूक पोटॅशिअमची. तिसऱ्या कवचात १८ मावतात हे पाठ असतं, म्हणून मुलं २, ८, ९ लिहितात. बरोबर उत्तर २, ८, ८, १. एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो. कॅल्शिअमचं २, ८, ८, २. इथे थांबा. लोह-तांब्याची कवचं या वयात काढायला लावू नका.

टप्पा ७: आकडा खाली की पुढे

एच-टू-ओ मधला दोन एचच्या पायाशी, लहान. तो फक्त एचचा, ओचा नाही. टू-एच-टू-ओ मधला पहिला दोन पुढे, पूर्ण उंचीचा. तो अख्ख्या रेणूचा, म्हणजे जोडलेल्या अणूंच्या गटाचा. म्हणजे पाण्याचे दोन रेणू, हायड्रोजनचे चार अणू, ऑक्सिजनचे दोन. आणि नुसतं टू-एच म्हणजे सुटे दोन अणू, एच-टू म्हणजे जोडलेले दोन. वहीत हे चारही शेजारी शेजारी लिहून प्रत्येकाखाली चित्र काढायला लावा.

चित्राआधी गोळे केले तर उत्तम. घट्ट मळलेली कणीक आणि काडेपेटीच्या गुल काढलेल्या काड्या. रंग खऱ्या अणूंचे नव्हेत, ओळखीपुरता संकेत ठरलेला आहे: हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, कार्बन काळा, नायट्रोजन निळा, गंधक पिवळा. पांढऱ्याला नुसती कणीक, लालला कुंकू, निळ्याला कपड्यांची नीळ, काळ्याला कोळशाची पूड, पिवळ्याला हळद. हायड्रोजनचा गोळा ऑक्सिजनच्या साधारण निम्म्या व्यासाचा करा. हळदीच्या कणकेला खायच्या सोड्याचा हात लागू देऊ नका, ती लाल होते आणि बसल्या जागी गंधकाचा ऑक्सिजन होतो.

पाण्याच्या रेणूत दोन काड्या समोरासमोर एका रेषेत टोचू नका. कोन काटकोनापेक्षा थोडा जास्त, १०४.५ अंशांचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये मात्र तीन गोळे सरळ रेषेत, आणि प्रत्येक जोडीत दोन काड्या.

*सावधान:* मिठासाठी एक सोडिअम, एक क्लोरीन असा जोडगोळा करू नका. मिठाच्या खड्यात सुटे रेणू नसतात. प्रत्येक सोडिअम आयनाभोवती (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू) सहा क्लोराइड आयन आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडिअम, अशी जाळी असते. सूत्र त्यांचं प्रमाण सांगतं, एकास एक.

शेवटची तपासणी

पत्ते कपाटात. घरातल्या किंवा दुकानातल्या तीन वस्तूंवरचा मजकूर मुलाला वाचायला द्या: टूथपेस्ट, मिठाची पिशवी, खताचं पोतं. कुठे मूलद्रव्य आहे, कुठे संयुग, हे त्याने सांगायचं. मिठाच्या पिशवीवर आयोडीन असं लिहिलेलं असलं तरी आत ते संयुगाच्या रूपात आहे, हे ज्याला सुचलं त्याला पुढे काही विचारू नका.

खताच्या पोत्यावर १०:२६:२६ असतं. मुलं झटकन एन, पी, के म्हणतात आणि २६ टक्के फॉस्फरस असं लिहितात. पोत्यावरचा मधला आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडचा धरतात, पी-टू-ओ-फाइव्हचा, आणि शेवटचा के-टू-ओचा. फक्त पहिला आकडा खुद्द नायट्रोजनचा. त्या पी-टू-ओ-फाइव्हमध्ये अणू एकूण किती, हे बोटं न मोजता सात असं आलं की पत्त्यांचा गठ्ठा धाकट्या भावंडाला द्यायला हरकत नाही. चुकलेले पत्ते तेवढे आठवडाभर ठेवून घ्या.